ताईचा आमवात आणि भावंडांची साथ

‘सकाळी बोटे वळत नाहीत म्हणते आणि दुपारी भाकऱ्या थापते. मग खरे काय?’ आमवात झालेल्या बाईला हा टोमणा अनेक घरांत ऐकावा लागतो. वास्तविक तिच्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. हे घरात सर्वांत आधी कोणाला उमगायला हवे, तर तिच्याबरोबर वाढलेल्या भावंडांना.

आजार काय आहे?

वयोमानाने होणारी गुडघ्यांची झीज वेगळी आणि आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. रोगजंतूंपासून रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. बहुधा दोन्ही हातांची बोटे, मनगटे व पायांचे लहान सांधे सुजतात. सकाळी आखडलेले सांधे मोकळे व्हायला अर्धा-एक तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. दिवस चढतो तशी हालचाल सुधारते. सोबत थकवा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा आजार दुपटीतिपटीने आढळतो, तोही पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा थोडा अधिक असतो, पण बहुतेकांना तो होत नाही. धूम्रपानाने मात्र धोका वाढतो. तेव्हा भावांनी विडी-सिगारेट सोडणे हे स्वतःच्याही हिताचे आहे.

पुडीचा मोह

१९४८ साली अमेरिकेत आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला प्रथमच कॉर्टिझोन दिले गेले. काही दिवसांतच तिच्या हालचालीत विलक्षण फरक पडला. १९५० साली या संशोधनाला नोबेल पारितोषिकही मिळाले. पण स्टिरॉइड दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो, हेही पुढे ध्यानात आले. आज कोणी बिननावाची पुडी देतो आणि दोन दिवसांत दुखणे पळते, तेव्हा त्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका जरूर घ्यावी. अशी पुडी सुरू असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी. स्टिरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

औषध आठवड्यातून एकदाच!

या आजारावरचे मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्झेट. याची गोळी आठवड्यातून ठरलेल्या एकाच वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जिवावर बेतते. दूर नोकरीला असलेला भाऊही येथे मोठे काम करू शकतो. वार ठरवून घ्यावा, घरच्या कॅलेंडरवर खूण करायला सांगावी आणि त्या दिवशी ‘गोळी घेतलीस का?’ एवढा फोन करावा. सोबत दिलेली फोलिक अॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी.

औषधाचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडण्याची वेळ नेमकी हीच. पहिल्या काही महिन्यांत नेटाने उपचार झाले तर बोटे वाकडी होणे पुष्कळ अंशी टळते. एकदा वाकलेली बोटे मात्र गोळ्यांनी सरळ होत नाहीत. रक्त व यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी. ताप आला तर अंगावर काढू नये, डॉक्टरांना लगेच कळवावे.

लग्नाचा प्रश्न

धाकटीला आमवात आहे हे कळले तर स्थळे येणार नाहीत, म्हणून अनेक घरे आजार झाकून ठेवतात. लग्नानंतर मुलगी गोळ्या लपवून घेते किंवा सोडून देते. दोन्ही वाईट. मेथोट्रेक्झेट गर्भाला घातक असते. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे लागते. योग्य नियोजन केल्यास आमवात असलेल्या स्त्रियांना निरोगी मुले होतात. हे बोलणे आईवडिलांना जड जाते. अशा वेळी बहिणीला विचारून, तिच्या संमतीने, मोठ्या भावाने किंवा वहिनीने पाहुण्यांना स्पष्ट सांगावे. लग्न झालेले असेल तर भाऊजींना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावे. सासू-सासऱ्यांना मेहुण्याच्या शब्दापेक्षा मुलाचे बोलणे लवकर पटते.

घरात काय करावे?

कपडे पिळणे, भरलेली कळशी उचलणे, पाट्यावर वाटणे ही कामे सुजलेल्या बोटांवर ताण देतात. ती इतरांनी वाटून घ्यावीत. सुरीची मूठ कापड गुंडाळून जाड करावी, डब्यांची झाकणे सैल ठेवावीत, फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसवावा. मात्र सगळेच काम हातातून काढून घेऊ नये. सूज कमी असताना सांधे हलते ठेवणे गरजेचे असते. ‘आज काय जमेल?’ असे तिलाच विचारावे.

भाऊबीजेला ओवाळणीत साडी घालणारे भाऊ पुष्कळ आहेत. या वर्षी तिच्याबरोबर तपासणीला जाण्यासाठी एक दिवसाची रजाही काढा. जुने रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे लावा आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या.