आडव्या अंगाचा म्हातारा

फांद्या भुईला टेकलेल्या आणि पारंबी मात्र एकही नाही, असे झाड वाचकांनी कधी पाहिले आहे काय? वडाच्या सावलीत वाढलेल्या आपल्या मनाला ते पटायचे नाही. पण अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स बेटावर असे एक झाड उभे आहे. उभे कसले, पसरले आहे म्हणा! उंची जेमतेम ६५ फूट. पण बुंध्याचा घेर २८ फूट आणि सावली सुमारे १७ हजार चौरस फुटांची. याचे नाव ‘एंजल ओक’. देवदूताशी त्याचा काही संबंध नाही. एंजल हे तिथल्या जुन्या मालकांचे आडनाव.

याची जात ‘लाइव्ह ओक’, म्हणजे जिवंत ओक. थंड मुलखातले बहुतेक ओक हिवाळ्यात उघडेबोडके होतात. हा मात्र जुनी पाने वसंतापर्यंत धरून ठेवतो आणि नवी पालवी फुटायच्या सुमारास ती टाकतो. भर हिवाळ्यात हिरवा, म्हणून ‘जिवंत’! व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतच्या समुद्रकाठी याची वस्ती आहे.

त्याच्या अंगाखांद्यावर बिऱ्हाडकरूही पुष्कळ. फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात. त्यांना ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात. नाव शेवाळाचे, पण कूळ अननसाचे! ही वनस्पती झाडाचा रस शोषत नाही. पावसावर नि दवावर जगते. फांद्यांच्या पाठीवर एक नेचा असतो. पाऊस नसला की तो सुकून, आक्रसून मेल्यासारखा पडतो. चांगली सर आली की थोड्याच वेळात पुन्हा हिरवागार!

मग या म्हाताऱ्याचे वय किती? एंजल ओक चारशे-पाचशे वर्षांचा असावा असा अंदाज आहे. काही उत्साही मंडळी पंधराशेही सांगतात. वडीलधाऱ्यांचे वय वाढवून सांगण्याची हौस सगळीकडे सारखीच! हे झाड चांगल्या जमिनीत भराभर जाडी धरते, म्हणून नुसत्या घेरावरून वय काढणारा फसतो. वलये मोजावीत, तर जुन्या झाडांचा गाभा पुष्कळदा पोकळ झालेला असतो.

दीर्घायुष्याचे मर्म त्याच्या बांध्यात आहे. बुटके, रुंद अंग, दूरवर पसरलेली मुळे आणि कमालीचे चिवट लाकूड! १९८९ साली ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने एंजल ओकला बरेच जखमी केले; पण म्हातारा सावरला.

वादळापेक्षा माणसाचे भय मोठे. गलबतांच्या फासळ्यांना बाकदार लाकूड लागे, आणि याच्या फांद्या मुळातच बाकदार. १७९७ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेसाठी जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून हेच लाकूड नेले होते. १८१२ च्या लढाईत इंग्रजी तोफांचे गोळे तिच्या कुशीवरून उसळले, तेव्हापासून तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, म्हणजे लोखंडी कुशीची, हे नाव पडले. पुढे खरोखरीच्या लोखंडाची जहाजे आली आणि या झाडावरची कुऱ्हाड हलली.

व्हर्जिनियात हॅम्प्टन येथे या जातीचे आणखी एक झाड आहे. काळ्या लोकांना शिकवणे त्या राज्याच्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. तरीही यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६१ साली, मेरी पीक या कृष्णवर्णीय बाईंनी गुलामीतून सुटून आलेल्यांना या झाडाखाली अक्षरे शिकवायला सुरुवात केली. १८६३ साली लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तिथल्या लोकांना याच झाडाखाली वाचून दाखवण्यात आला. शाळेला ना भिंत, ना छप्पर. होती ती एवढी सावली! आज त्याला ‘मुक्तीचा ओक’ म्हणतात.

या झाडांची एक संस्थाही आहे, १९३४ साली लुइझियानात निघालेली. सभासद माणसे नव्हेत, झाडे! बुंधा ८ फूट भरला की सभासदत्व मिळते. मूळ वर्गणी होती, वर्षाला पंचवीस ओकफळे.

आता भय आहे ते बुंध्याभोवतीच्या जमिनीचे. घरे नि रस्ते आले की मुळे गुदमरतात. एंजल ओकच्या शेजारी मोठी वसाहत होऊ घातली होती. लोकांनी आरडाओरडा केला, पैसे जमवले, आणि २०१३ साली ती जमीन विकत घेऊन मोकळी राखली. म्हाताऱ्याला हातपाय पसरायला जागा राहिली.