कांदालावणी आणि तान्ह्याचं दूध

भगिनींनो, पौषात कांदालावणीला जाताना तान्ह्याला वरचं दूध कशाला? हात साबणानं धुऊन आपलंच दूध हातानं काढून ठेवा. झाकणाची स्टीलची वाटी आधी १० मिनिटं उकळून गार करा. गार खोलीत दूध ४ तास टिकतं. वैशाखात मात्र इतका भरवसा नको. फ्रिज असल्यास आत मागच्या बाजूला ठेवा, २४ तासांत संपवा.

आणि सासूबाई, वर साय धरली म्हणून नासलं समजून ओतू नका! हलकेच हलवलं की मिसळतं. चुलीवर चढवू नका, वाटी कोमट पाण्यात धरा. बाटलीचं निपल आतून नीट धुतलं जात नाही. त्यापेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं बरं. बाळाला उभट धरून सावकाश पाजा. उष्टं उरलेलं पुन्हा पाजू नका.