जिभेला फसवता येते, आतड्याला नाही

वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत तरुण आम्हाला हमखास विचारतात: साखर सोडून ‘शुगर फ्री’ घेतले, तरी मन साखरेकडेच का धावते? आपलेच मन कमकुवत आहे का? दोष फक्त मनाचा नाही. या ओढीचे एक मूळ पोटात आहे.

साखर आणि सुक्रालोजसारखा कृत्रिम गोडवा, जिभेला दोन्ही गोडच लागतात. फरक पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला कळतो. तिथल्या अस्तरात ‘न्यूरोपॉड’ नावाच्या पेशी असतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात दिएगो बोहोर्केझ यांच्या गटाने उंदरांवर केलेले प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर पोहोचली की या पेशी ग्लुटामेट सोडतात, कृत्रिम गोडवा आला की एटीपी. म्हणजे व्हेगस या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाणारे निरोपच वेगळे. या पेशी बंद पाडल्यावर उंदरांची साखरेची खास पसंती उरली नाही. त्याआधी २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स झुकर यांच्या गटाला दिसले की, गोड चव न कळणारे उंदीरही काही काळाने साखरेचेच पाणी निवडतात. चव नव्हती, तरी ओढ होती.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसाच्या सवयीत घर, बाजार आणि ताणतणावही येतात. विज्ञानाने धम्म सिद्ध केला, अशी घाईही आपण करू नये. पण वेदनेतून तृष्णा उपजते आणि कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवले आहे. म्हणून स्वतःला दोष देण्यापेक्षा कारणे बदलूया.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडवे वापरू नयेत, असे सुचवले. आधीच मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदल करावा. वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सहा लहान चमचे, असणे उत्तम, असेही संघटना सांगते. आपले दोन-तीन गोड चहाच हा हिशेब संपवतात.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. त्यांच्या जयंतीला आपल्या स्टॉलवर कोल्ड्रिंकऐवजी ताक, साधे पाणी किंवा कमी साखरेचे सरबत ठेवता येईल. चहातली साखरही दर आठवड्याला थोडी थोडी कमी करूया. भोजनातली मात्रा ओळखणे हाही धम्माचाच सराव आहे.

जयभीम, नमो बुद्धाय!