विसाव्याचा दिवस

सैन्यभरतीचे दिवस जवळ आले की आमच्या बेळगावात भल्या पहाटे रस्त्यांवरून धावणारी, मैदानात जोर-बैठका काढणारी मुले दिसू लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र गावातच असल्याने ही ओढ येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. या मुलांच्या कष्टाळूपणाविषयी आम्हांला आदरच वाटतो. काळजी वाटते ती त्यांच्या घाईची. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी २०० बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना. तरी तिसऱ्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा २०० बैठका! “सर, दुखतंय म्हणजे अंग तयार होतंय,” असे त्याचे म्हणणे.

ते म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी देहाचा भारही पेलत असतो. सवय नसताना असे काम पडले की त्याचे काही सूक्ष्म तंतू विस्कटतात. काही तासांतच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात व मोडतोड साफ करू लागतात. त्या भागात पाणी साचते, स्नायू ताठरतो, बोट लावले तरी दुखतो. वैद्यकशास्त्र यालाच दाह म्हणते. एक-दोन दिवसांनी मात्र तेथील पेशींचे काम पालटते. मोडतोड उपसणे थांबते, दाह शमू लागतो आणि डागडुजीला आरंभ होतो. स्नायुतंतूंच्या कडेला सुप्त पेशी असतात, हे अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ साली दाखवून दिले. त्या या वेळी जाग्या होऊन तंतू सांधण्यास हातभार लावतात.

अंग सर्वांत जास्त दुखते तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. लॅक्टिक आम्ल साठल्याने ते दुखते, असे व्यायामशाळांतून अजून छातीठोकपणे सांगितले जाते. पण ते आम्ल तास-दीड तासात निवळून जाते. स्नायूंतील तंतू फाटल्यामुळे हे दुखणे येत असावे, असे थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच सुचविले होते.

आता डागडुजी अर्धी असतानाच त्याच स्नायूंवर पुन्हा जबर भार टाकला, आणि हे रोज चालले, तर दाह शमायला अवसरच मिळत नाही. ताकद वाढण्याऐवजी घटते, झोप बिघडते. यास्तव अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था एकाच स्नायुगटाच्या दोन मेहनतींत किमान ४८ तासांचे अंतर सुचविते.

मग जुने पैलवान रोज हजार बैठका कसे मारीत, असे कोणी विचारील. त्यांचे वस्ताद आकडा हळूहळू चढवीत असत, हे त्याचे उत्तर. एकदा सोसलेली मेहनत पुढील काही आठवडे त्याच स्नायूंत पुष्कळच कमी मोडतोड करते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. नवशिक्याने पैलवानाचा आकडा उचलावा आणि त्यामागची वर्षे सोडून द्यावीत, हा मात्र अजब हिशेब होय. व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा, असे सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे.

गोळीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग मांडला. तरुणांनी ८ आठवडे मेहनत केली. ज्यांना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिले होते, त्यांच्या मांडीच्या स्नायूची वाढ अल्प ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या सुमारे निम्मीच भरली. जो दाह आपण गोळीने दडपू पाहतो, तो बांधकामाचाच भाग असावा, असे यावरून दिसते. क्वचित घेतलेल्या गोळीबद्दल आमची तक्रार नाही. रोजच्या मेहनतीची ती सोबतीण होऊ नये, इतकेच.

त्या मुलास आम्ही ३० बैठकांपासून, तेही एक दिवसाआड, आरंभ करावयास सांगितले. मधल्या दिवशी सावकाश चालावे, हातांचे व्यायाम करावेत, पोटभर उसळ-भाकरी व दूध घ्यावे, लवकर झोपावे. मात्र बेसुमार मेहनतीनंतर लघवी चहासारखी काळसर झाली, तर विसाव्यावर विसंबू नये. फुटलेल्या स्नायूंतील द्रव्य त्या वेळी मूत्रपिंडांत उतरलेले असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.