मूठ, दांडा, कान आणि हँडल

‘हँडल’ हा इंग्रजी शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याला परका म्हणावयाचे धाडस मी करणार नाही. सायकलीला हँडल, दाराला हँडल, शिवणयंत्राला हँडल, आणि अलीकडे कढईलासुद्धा हँडल. एकच शब्द एवढी कामे उरकीत असेल तर तक्रार कशाची, असे कोणी विचारील. शब्द इंग्रजी आहे ही माझी तक्रार नव्हे. त्याने येताना जी माहिती गिळून टाकली, तिच्याबद्दल मला थोडे बोलावयाचे आहे.

मध्यंतरी बालाघाटला असताना विळ्याची मूठ फुटली म्हणून बाजारातील एका लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. दुकानावर तरतरीत तरुण मुलगा. ‘विळ्याची मूठ आहे का?’ म्हणून विचारले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘हैंडल चाहिए? कौनसा?’ मग त्याने मोठ्या उत्साहाने दाराचे पितळी हँडल, कपाटाचे हँडल, प्रेशर कुकरचे काळे हँडल अशी रास माझ्यासमोर मांडली. शेजारी खिळे तोलून घेत असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने अखेर हात पुढे केला, मूठ वळून दाखवली आणि म्हणाला, ‘मूठ माँगत हैं, मूठ!’ मुलगा आत गेला आणि नेमकी वस्तू घेऊन आला. दुकानात माल होता. फक्त त्याचे नाव हरवले होते.

बालाघाटात असे घडावे यात नवल नाही. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून 1867 नंतर हा जिल्हा बनला. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात तो होता. 1956 च्या नोव्हेंबरात विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा हा मध्यप्रदेशातच राहिला. त्यामुळे वैनगंगेच्या या काठावर कित्येक घरांत मराठी किंवा पोवारी, बाजारात हिंदी आणि यंत्राजवळ इंग्रजी, असा तिहेरी व्यवहार चालतो. तिन्ही भाषांच्या गर्दीत ज्या शब्दाला सगळीकडे प्रवेश, तोच शेवटी टिकतो.

आता मूठ आणि दांडा यांतील भेद पाहा. विळा, सुरी, तलवार यांना मूठ असते. कुऱ्हाड, कुदळ, फावडे यांना दांडा असतो. हा केवळ लांबीचा फरक नव्हे. विळ्याच्या पात्याची निमुळती शेपटी तापवून लाकडात ठोकतात. म्हणजे लोखंड लाकडात शिरते. कुऱ्हाडीच्या पात्याला भोक असते आणि त्यात दांडा बसवून वरून पाचर मारतात; म्हणजे लाकूड लोखंडात शिरते. मूठ एका हाताच्या मापाची, तर दांडा दोन्ही हातांचा. शब्द उच्चारताच वस्तूची घडण, जोडणी आणि धरण्याची रीत ऐकणाऱ्याला कळते. ‘हँडल’ म्हटले की ‘कशाचे?’ हा प्रश्न ठेवलेलाच.

दांड्याला लाकूडही वाटेल ते चालत नाही. अर्ध्याहून अधिक भाग जंगलाने व्यापलेल्या या जिल्ह्यात ते निवडणे हे जाणत्याचे काम. धावडा चिवट आणि जड, धामण लवचीक. घाव बसला की हादरा हातापर्यंत कमी यावा, यासाठी अशी लाकडे लागतात. वैशाखात लाकूड सुकून आकसते, पाचर ढिली होते आणि पाते निसटून एखाद्याच्या अंगावर जाऊ शकते. म्हणून शहाणी माणसे काम काढण्याच्या आदल्या रात्री कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि भोकात घट्ट बसते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपली म्हण ही जोडणी पाहिलेल्या माणसाचीच आहे. नुसते लोखंड जंगलाचे काय वाकडे करणार? त्याच्या भोकात शिरायला जंगलातलेच लाकूड लागते. या म्हणीत दांड्याच्या जागी हँडल घालून पाहावे, म्हणजे काय जाते ते कळेल.

नांगराची गोष्ट आणखी बारीक आहे. मागच्या उभ्या लाकडाला रुमणे म्हणतात आणि त्याच्या माथ्यावर हात ठेवावयाच्या जागेला मूठ. फाळ किती खोल जावा हे त्या मुठीवरील भाराने ठरते.

स्वयंपाकघरात शिरले की शब्द पुन्हा बदलतात. कढईला कान, बादलीला कडी, पळीला दांडा, जात्याला खुंटा. कान हा भांड्याच्या अंगाला चिकटलेला, कडी हलती, खुंटा दगडात उभा रोवलेला. विदर्भातील गंजाला तर काहीच नसते. तो सांडशीने उतरवावयाचा. मला वाटते, सांडशी म्हणजे भांड्यापासून सुटी केलेली मूठच. दहा भांड्यांना मिळून एक! कपाचा कान तुटला असे आपण अजून सहज म्हणतो, ही समाधानाची गोष्ट.

शस्त्रांच्या बाबतीत तर आपल्या पूर्वजांनी कमालच केली. दांडपट्टा, ज्याला महाराष्ट्राने 2024 साली राज्यशस्त्राचा मान दिला, त्याला साधी मूठ नसतेच. कोपरापर्यंतचा हात आत घेणारा जो लोखंडी हातमोजा असतो, तो खोबळा. आणि ‘कबजा’ हा शब्द घ्या. मुळात अरबी, अर्थ मुठीत धरणे. फारसी-उर्दूत तलवारीच्या मुठीलाही कबजा म्हणतात. तोच शब्द आपल्या कचेऱ्यांत जमिनीच्या ताब्यासाठी आला, आणि बालाघाटच्या त्याच दुकानात बिजागरी मागावयाची तर हिंदीत ‘कब्जा’ द्या म्हणावे लागते. परका शब्द आला म्हणून भाषा गरीब होतेच असे नाही, हे या एका शब्दावरून दिसते.

म्हणून सायकलीच्या हँडलला मूठ म्हणा असा हट्ट मी धरणार नाही. त्या हँडलच्या दोन टोकांनाच दोन मुठी असतात, मग मधल्या नळीला काय म्हणणार? बोअरवरच्या हापशीचेही तसेच. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या लोकांनी व कारागिरांनी पूर्वीचे बिडाचे, वरचेवर मोडणारे पंप सुधारून घेतले. त्यांतील सोलापूरच्या पंपावरून 1970 च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला आणि तो गावोगाव पोचला. त्याचे हँडल भरीव पोलादी गजाचे असते. खोल पाण्यापर्यंत गेलेल्या सळयांचे वजन त्या गजाच्या भाराने तोलले जाते, म्हणून एखादी शाळकरी मुलगीदेखील तो हापसू शकते. ही वस्तू नवी आणि तिचा शब्दही नवा. तेथे हँडल शोभते. परंतु विळ्याची मूठ इंग्रजांच्या आधीची आहे.

मौज अशी की ‘हँड’वरून जसे ‘हँडल’ झाले तसेच ‘हात’वरून आपले ‘हाताळणे’ झाले. दोन भाषांनी एकाच अवयवापासून सारखीच घडण केली. तरी आपले तरुण ‘मी हँडल करतो’ असेच म्हणतात. एका अर्थी ते बरोबरही असेल. पुस्तक हाताळतात, प्रसंग हाताळतात, पण घरी आलेल्या रागीट पाहुण्याला ‘हाताळले’ म्हटले तर झटापट झाली की काय असे वाटते. तेथे ‘सांभाळून घेतले’ हे अधिक बरे.

आणि आता समाजमाध्यमांवरचे हँडल. नावामागे पदवी वा किताब असला की त्याला नावाचे ‘हँडल’ म्हणावयाची थट्टा इंग्रजीत जुनीच आहे. आता खुद्द नावच हँडल झाले. पुतण्याने मला विचारले, ‘काका, तुमचं हँडल काय ठेवू?’ मी म्हटले, ‘माझं नाव आहे की!’ त्याने टंकून पाहिले. ते नाव आधीच कोणीतरी घेतलेले निघाले. तेव्हापासून माझ्या नावापुढे दोन आकडे लागले आहेत, आणि ओळखीची मंडळी मला त्या आकड्यांसकट हाक मारू लागली आहेत.