बर्फावरची शाळा

एस्किमो हा शब्द आपण सर्वांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला आहे. बर्फाचे घर, कातड्याचे कपडे, कुत्र्यांची गाडी, एवढे पाठ केले की दोन मार्क मिळत आणि विषय संपे. कॅनडातल्या त्या लोकांना मात्र हे नाव रुचत नाही. ते स्वतःला इनुइत म्हणवितात. एक असला तर इनुक, अनेक असले तर इनुइत. अर्थ एवढाच, की माणसे. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात त्यांची संख्या सुमारे ७०,००० भरली आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनाच आपली भाषा बोलता येते.

असे का झाले? १९५० नंतरच्या काळात सरकार व मिशनरी यांच्या वसतिगृह-शाळांत ही मुले आईबापांपासून दूर नेली गेली. पुढे नुनावुत प्रदेशाचे आयुक्त झालेले पीटर इर्निक यांना १९५८ साली, अकराव्या वर्षी, चेस्टरफील्ड इनलेटच्या शाळेत नेले होते. तेथे घरची भाषा बोलली की शिक्षा होई. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आजीशी धड बोलता येईना आणि बर्फावर चालताही येईना. कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत याबद्दल माफी मागितली.

वाचकहो, हे वाचताना आम्ही थोडे अडखळलो. शाळेचे दार उघडावे म्हणून ज्या समाजाला झगडावे लागले, त्या समाजातले आम्ही. शाळा मुलाला घरापासून तोडू शकते हे आमच्या मनाला चटकन पटत नाही. पण त्यांच्याकडे तसे घडले. आम्हाला दार बंद होते, त्यांना आत कोंडले. दोन्हीकडे मुलाच्या आईला कोणी विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट. १९४१ सालापासून सरकारने प्रत्येक इनुइत माणसाला नंबर कोरलेली नाण्याएवढी चकती दिली. नावे उच्चारायला कठीण, म्हणून नंबर! आम्ही कारकून माणसे, रजिस्टरात नंबर टाकण्यात आमचा जन्म गेला. पण माणसाच्या गळ्यात नंबर अडकविण्याचे आम्हालाही सुचले नसते. त्यात इनुइत लोकांत बाळाला मयत माणसाचे नाव देतात. आजोबांचे नाव मिळालेल्या नातवाला घरची माणसे आजोबा म्हणूनही हाक मारतात. अशा नावाच्या जागी आकडा आला.

आता ही तुटलेली गाठ पुन्हा बांधण्याची खटपट चालू आहे. बॅफिन बेटावरील क्लाइड रिव्हर या गावी २०११ साली पिक्कुसिलिरिव्विक नावाचे केंद्र उघडले. येथे मास्तर म्हणजे गावातले वृद्ध, शिकविण्याची भाषा इनुक्तितुत आणि वर्ग बव्हंशी उघड्यावर. इतर गावांतही म्हातारी माणसे मुलांना घेऊन तंबूत राहावयास जातात.

तेथे शब्द फळ्यावर लिहून देत नाहीत. समुद्रावरचा बर्फ म्हणजे सिकू. नुकता गोठलेला, पातळ, तो सिकुलियाक. किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेला तो तुवाक, आणि जेथे तो संपून उघडे पाणी लागते ती कड म्हणजे सिना. म्हातारा पुढे चालतो, काठीने बर्फ टोचतो, आवाज ऐकतो. मुलगा मागे. शब्द चुकला तर माणूस पाण्यात. भाषा शिकण्याची एवढी पक्की सक्ती कोणत्या परीक्षेत असेल?

बर्फाचे घर बांधताना प्रथम काठी खुपसून थर पाहतात. एकाच वादळात साचलेला, एकसारखा दाबलेला बर्फ हवा. मोठ्या सुरीने विटा कापून त्या गोल-गोल चढत्या रचतात आणि बांधणारा आतच उभा असतो. कामुतिक या घसरगाडीच्या फळ्या खिळ्याने ठोकत नाहीत, दोरीने बांधतात. खडबडीत बर्फावर गाडी लवते, मोडत नाही. बायका कुल्लिक शिकवितात. हा अर्धचंद्राच्या आकाराचा दगडी दिवा, सीलच्या चरबीच्या तेलावर जळणारा. शेवाळ व रानकापसाची वात कडेने पसरून ज्योत सारखी ठेवणे हे सोपे काम नव्हे.

शिकवणारी माणसे फार बोलत नाहीत. पाहा, मग कर. सारखे प्रश्न विचारणे तेथे उतावीळपणाचे समजतात.

शिकारीचे नाव काढताच आमच्या काही वाचकांना कसेसे होईल. पण त्या भूमीवर शेती नाही, बहुतेक ठिकाणी झाडही नाही. भाजीपाला विमानाने येतो आणि त्याची किंमत गरीब घराला झेपत नाही. सील मारला की मांस, तेल आणि कातडे, तिन्ही कामी येतात.

अडचणी आहेतच. हवामान तापत चालले. बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो. म्हाताऱ्यांनी ओळखलेली वाट कधी कधी दगा देते. म्हणून नेनसारख्या गावांत आता घसरगाडीमागे बर्फाची जाडी मोजणारे यंत्र ओढतात. तरुण यंत्र वाचतो, आणि कोणत्या जागी ओढायचे ते म्हातारा सांगतो. शिवाय अस्सल भाषा बोलणारी पिढी थकली आहे, दर हिवाळ्यात कोणी ना कोणी जाते.

मुलाने पहिला सील मारला की ते मांस तो स्वतःसाठी ठेवीत नाही. ते गावात वाटले जाते, म्हाताऱ्या माणसांना आधी.