बांधावरील सरडा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे; परंतु त्या कुंपणावर तो दिवसभर काय करितो, हे पाहण्याची तसदी थोडेच शेतकरी घेतात.

हा प्राणी शेपटीसह सुमारे फूटभर लांब असून त्यातील दोन तृतीयांश भाग शेपटीचाच असतो. अंगावर खरखरीत खवले व मानेपासून पाठीवर काट्यांचा तुरा असतो. पालीप्रमाणे तो शेपटी टाकून पळत नाही. विणीच्या हंगामात नराचे डोके व गळा लालभडक होतो. यावरून तो माणसाचे रक्त शोषितो, असा समज पसरला आहे. तो निखालस खोटा आहे. सरडा विषारी नाही. हाती धरल्यास चावेल, इतकेच.

मादी ओलसर, भुसभुशीत मातीत खड्डा उकरून दहा-वीस अंडी घालते व माती लोटून निघून जाते. सुमारे सहा-सात आठवड्यांनी पिले आपली आपण बाहेर पडतात.

नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे व अळ्या हे त्याचे मुख्य खाद्य होय. क्वचित तो मधमाशीही गिळतो. पण ती रक्कम खर्ची टाकूनही शिल्लक शेतकऱ्याच्याच नावे निघते, असे आमचे मत आहे.

सबब पोरांस सरड्यावर दगड मारू देऊ नयेत, बांधावरील झुडपे विनाकारण जाळू नयेत व विषारी औषधांची फवारणी गरजेपुरतीच करावी. बिनपगारी राखणदार दवडण्यात शहाणपण नाही.